उजवीकडे वळताना

कोल्हापुरात परगावच्या माणसाने पत्ता विचारावा आणि निश्चिंत उभे राहावे. टपरीवरचा माणूस हातातले काम बाजूला ठेवून वाट सांगू लागतो, शेजारचा तीत दुरुस्ती करतो आणि तिसरा "चला पाव्हणं, मी त्याच अंगाला निघालोय" म्हणत गाडी सुरू करतो व पाहुण्याला थेट दाराशी पोहोचवून येतो. ह्या गावाची माया अशी रांगडी आणि हातचे काही राखून न ठेवणारी आहे. गेली पन्नास वर्षे मी ती अनुभवीत आले आहे. म्हणूनच एक प्रश्न मला अलीकडे सतत पडतो. पाहुण्यासाठी स्वतःची वाट वाकडी करणारा हाच माणूस चौकात वळताना शेजारच्या गाडीला हातभर जागा द्यावयास का तयार नसतो?

उद्दामपणा, घाई, बेशिस्त ही उत्तरे आपल्या जिभेवर तयार असतात. वर्तमानपत्रांतील पत्रव्यवहारही त्यांनी भरलेला असतो. परंतु माझ्या घरात घडलेल्या एका प्रसंगानंतर ह्या उत्तरांनी माझे समाधान होईनासे झाले आहे. तो प्रसंग सांगण्यापूर्वी आमच्या चौकांविषयी थोडे सांगितले पाहिजे.

कोल्हापूर हे चौकांचे गाव. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे १९५० साली, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच, उभे राहिले. दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि त्यांनी उत्तेजन दिलेल्या निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थी वसतिगृहांच्या इमारती त्या परिसरात आहेत. कावळा नाक्यावर अश्वारूढ ताराराणींचा पुतळा आला आणि त्याला ताराराणी चौक हे नाव मिळाले. जुनी माणसे मात्र अजून कावळा नाकाच म्हणतात. ह्या चौकांचे मूळ काम माणसांना एकत्र आणण्याचे. सभा तेथेच भरावयाच्या, मिरवणुका तेथेच थांबावयाच्या, निवडणुकीचे निकाल तेथेच ऐकावयाचे. सायकली आणि टांग्यांच्या काळात कोणी कोठून वळावे, ह्याचा विचार करण्याची गरजच नव्हती. समोरच्याचा चेहरा दिसे, मान हलविली की तो समजून घेई.

पुढे वाहने वाढली आणि रस्तेही रुंद झाले. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे काम 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' ह्या पद्धतीने झाले. २०१३ साली त्यासाठी टोलवसुली सुरू होताच सारे शहर रस्त्यावर उतरले आणि २०१५ च्या अखेरीस शासनाने तो टोल रद्द केला. रस्त्याचे पैसे कोणी द्यावयाचे, ह्यावर घराघरांतून वाद झाले. त्या रुंद रस्त्यावर आपण वागावयाचे कसे, ह्याविषयी मात्र तितक्या तळमळीने कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. पूर्वी जेथे एका वेळी एकच वाहन वळे, तेथे आता दोन-दोन, तीन-तीन वाहने एकमेकांना खेटून वळतात. रस्ता रुंद होणे ही केवळ मोजमापाची बाब नव्हे. त्याबरोबर वळण्याची रीतच बदलते.

ताराराणी चौकाचेच उदाहरण घ्यावे. पुणे-बंगळूर महामार्गावरून तावडे हॉटेलच्या बाजूने शहरात येणारी वाहने तेथे पोहोचतात. कोणाला मध्यवर्ती बसस्थानकाकडे जावयाचे असते, कोणाला ताराबाई पार्कात, तर कोणाला टेंबलाईवाडीच्या अंगाला. त्यात केएमटीची बस असते, थांबा नसलेल्या ठिकाणी थांबणारे वडाप असते, महाविद्यालयातील मुलांच्या दुचाक्या असतात आणि उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरही असतो. सिग्नल लाल असतो तोवर दुचाक्या मिळेल त्या फटीतून पुढे सरकतात आणि झेब्रा पट्ट्यांवर जाऊन उभ्या राहतात. उजवीकडे जाणारा डाव्या टोकाला असतो, डावीकडे जाणारा दुभाजकाला चिकटलेला असतो. हिरवा दिवा लागला की कात्रीच्या पात्यांसारख्या त्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात.

माझी मुलगी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरी करते आणि दुचाकीने ये-जा करते. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी घरी परतताना शहरातील एका मोठ्या चौकात ती उजवीकडे वळण्यासाठी उभी होती. तेथे उजवीकडे वळणाऱ्यांसाठी दोन रांगा होत्या. दुभाजकालगतच्या रांगेत एक मोटार होती आणि तिच्या डाव्या बाजूच्या रांगेत माझी मुलगी. दिवा हिरवा झाला. दोघेही एकदम निघाले, दोघेही उजवीकडेच वळू लागले. वळण अर्धे झाले असेल-नसेल, तोच मोटार डावीकडे पसरत गेली. मुलीला सरकावयास जागा उरली नाही. ती पदपथाच्या कडेला आपटली आणि तिचे उजवे मनगट मोडले.

मोटार चालविणारे गृहस्थ साठीच्या घरातले, तालुक्याच्या गावचे होते. त्यांनी पळ काढला नाही. तिला आपल्याच गाडीतून रुग्णालयात नेले, आम्हांला कळविले आणि रात्री दहापर्यंत आमच्याबरोबर बाकावर बसून राहिले. रागाने भरलेले मन घेऊन मी त्यांच्यासमोर गेले होते. ते हात जोडून म्हणाले, "बाई, मी उजवीकडंच वळत हुतो. वळून झालं की डावीकडची बाजू धरायची, आसंच शिकलोय आमी." आत पलंगावर पडलेल्या माझ्या मुलीनेही तेच वाक्य उच्चारले, "आई, मीही उजवीकडेच वळत होते." दोघेही खरे बोलत होते. दोघांची दिशा एक, दिवा एक, हेतूही एक. आणि तरीही एक मनगट मोडले.

हे कोडे मला स्वस्थ बसू देईना. शाळेत आयुष्य घालविलेल्या बाईला एखादी गोष्ट समजली नाही की ती पुस्तक शोधते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखालील रस्त्याच्या नियमांची जुनी नियमावली १९८९ ची. उजवीकडे वळताना वाहन शक्य तितके रस्त्याच्या मध्याजवळ आणावे आणि ज्या रस्त्यात शिरावयाचे, त्याच्या शक्य तितक्या डाव्या कडेशी पोहोचावे, अशा अर्थाचा नियम तीत होता. म्हणजे ते गृहस्थ जे बोलले, त्याला लेखी आधार होता! एका वेळी एकच वाहन वळते, त्या रस्त्यासाठी हा नियम अगदी शहाणपणाचा आहे. परंतु दोन वाहने शेजारी-शेजारी वळू लागली की दोघांनाही एकाच डाव्या कडेला पोहोचणे कसे शक्य व्हावे? आतल्याने ती कड गाठावयाची म्हटली तर त्याला बाहेरच्याची वाट कापूनच जावे लागेल. २०१७ मध्ये ह्या नियमावलीची जागा नव्या, अधिक तपशीलवार नियमावलीने घेतली. परंतु नियम बदलला म्हणून हातांची सवय बदलत नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी परवाना काढलेल्यांना नवा धडा शिकविण्यासाठी पुन्हा कोण शाळेत बोलावणार?

दोन रांगांनी वळण्याची रीत खरे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. क्रीडास्पर्धेच्या दिवशी मैदानावर चुन्याचे पट्टे आखतात. वळणावर आतल्या पट्ट्यातला मुलगा आतच राहतो, बाहेरचा बाहेरच. दुसऱ्याच्या पट्ट्यात पाय टाकणारा बाद होतो. चौकातही तेच करावयाचे. दुभाजकालगतच्या रांगेतून वळणाऱ्याने नव्या रस्त्यावरही दुभाजकालगतच उतरावे. त्याच्या डावीकडच्याने डाव्या पट्ट्यात उतरावे. पट्टा बदलावयाचा तर वळण पूर्ण झाल्यावर, आरशात पाहून, दिवा दाखवून बदलावा. मात्र अवजड वाहनाजवळ ह्यापेक्षा अधिक सावध राहावे लागते. लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरची शेवटची ट्रॉली तर आणखी आत येते. हंगामात अशा ट्रॅक्टरच्या आणि दुभाजकाच्या मधल्या फटीत दुचाकी घालणाऱ्या मुलांना ही एक गोष्ट कोणी फळ्यावर काढून दाखविली, तर काही घरांचे दुःख टळेल.

पुतळ्यांच्या चौकांचा घोटाळा आणखी निराळा. मध्ये गोल चौथरा दिसला की त्याला वळसा घालून जावे, असे एकाला वाटते. दुसरा तो बाजूला ठेवून जवळचा मार्ग धरतो. आपण डावीकडून वाहने चालवितो, त्यामुळे अशा बेटाभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, आणि आधीच फेरीत असलेले वाहन आपल्या उजव्या हाताने येते. त्याला आधी जाऊ द्यावे, हा नियम ब्रिटनने १९६६ साली देशभर लागू केला. त्यापूर्वी तेथेही शिरणारे आणि फिरणारे एकमेकांना अडवून बसत आणि बेटच कोंडून जाई. आतल्याला आधी बाहेर पडू दिले नाही तर बाहेरच्याला आत जागा मिळणारच नाही, एवढाच त्यातला हिशेब आहे. एस. टी.च्या दारातही आपण हेच सांगतो: आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या.

रस्त्याच्या मधोमध रेषा काढण्याची कल्पना अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९११ साली एडवर्ड हाइन्स नावाच्या रस्ते-अधिकाऱ्याने प्रत्यक्षात आणली. दुधाच्या गाडीतून गळालेल्या दुधाची पांढरी रेघ रस्त्यावर पाहून त्याला ती सुचली, असे सांगतात. गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरांना ही गोष्ट नक्कीच आवडावी! परंतु आमच्याकडील पावसाळा ह्या रेषांना फार काळ टिकू देत नाही. जून-जुलैच्या पावसात आणि चाकांच्या घर्षणात बाण पुसट होतात, आणि नेमक्या वळणावर चालक आंधळा होतो. म्हणून पावसाळा सरताच चौकांतील पट्टे पुन्हा रंगविले पाहिजेत. कोणत्या रांगेने कोठे जावयाचे, हे चौकाच्या बरेच आधी डोक्यावरच्या फलकाने सांगितले पाहिजे. आणि जेथे दोन रांगा वळतात, तेथे वळणाच्या पोटातून तुटक रेषा ओढून दोघांच्या वाटा वेगळ्या दाखविल्या पाहिजेत. हा खर्च पुलाचा नव्हे, रंगाच्या डब्याचा आहे.

ह्यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. "रेषा पाळणारा मागं राहतो. आपण जागा सोडली की दुसरा घुसतो." ह्यात तथ्य आहे, आणि ते मान्य न करता उपदेश करणे अप्रामाणिक होईल. शिस्त पाळणारा एकटा असतो, तेव्हा त्याची शिस्त त्यालाच महाग पडते. मुलगी बरी झाल्यावर मीही तिला दुचाकी सोडून बसने जा, असे सांगून पाहिले. मला तिची भीती वाटत होती आणि अजूनही वाटते. ती म्हणाली, "आई, मी रस्ता सोडला तर नीट वळणारं एक माणूस कमी होईल, एवढंच." प्लास्टर निघाल्यावर काही दिवसांतच ती पुन्हा कामावर जाऊ लागली.

आता ती चौकाच्या बऱ्याच आधी आपली रांग निवडते. चुकीच्या रांगेत सापडली तर जबरदस्तीने वळत नाही. सरळ पुढे जाते आणि पुढच्या चौकातून परत येते. त्यात चार मिनिटे जातात. मागचे हॉर्न वाजवितात, ती लक्ष देत नाही. वळताना शेजारच्या चालकाकडे एकदा पाहते आणि आपण कोठे जाणार, हे हाताने दाखविते. ती सांगते की बहुतेक वेळा समोरचा मान हलवितो. काच बंद असली तरी हलवितो.

ही मान हलविणे मला फार मोलाचे वाटते. पाहुण्याला घरापर्यंत पोहोचविणारा कोल्हापूरकर चौकात हरवत नाही. त्याला समोरचा माणूस कोठे निघाला आहे, हे कळत नाही, म्हणून तो केवळ स्वतःपुरते पाहतो. रेषा, बाण, दिवा, हाताची खूण ही सारी त्याला ते सांगण्याची साधने आहेत. आपण कोणत्या बाजूला निघालो आहोत, हे शेजाऱ्याला वेळेवर सांगणे आणि त्याने सांगितलेले ऐकून घेणे, एवढे शिक्षण आपण घरातल्या तरुण मुलांना परवाना काढण्यापूर्वी देऊ शकतो. त्यासाठी फळा लागत नाही. जेवणाच्या ताटाशेजारी दोन चमचे आणि एक वाटी ठेवून आमच्या घरी मी ते नातवाला शिकविते. वाटी म्हणजे चौक, चमचे म्हणजे दोन गाड्या. आतल्याने आत, बाहेरच्याने बाहेर. तो आता दहा वर्षांचा आहे आणि त्याला ते पहिल्याच दिवशी समजले.