बसलेल्या गड्याकडे

मोठ्या खेळाडूंचा खेळ पाहिला म्हणजे आपला खेळ सुधारतो, असे सगळेच सांगतात. पण त्यांचे काय पाहायचे, हे सांगणारे थोडे. नाही तर एवढे क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या देशात घरोघरी फलंदाज निपजले असते! आपण चेंडू पाहतो, टाळ्या वाजवतो आणि चहा मागवतो. त्यात शिकणे कुठे आले?

माझ्या डोक्यात हा विषय घुसला तो धुळ्याच्या भाचीमुळे. पोरगी नववीत, पायांनी हरिणी. शाळेच्या खोखो-संघात तिची जागा पक्की असायची. पण आक्रमणाच्या वेळी पाटीवर बसली, की खो मिळण्याआधीच उठे. पंचांची शिट्टी वाजे, फाउल होई आणि हाताशी आलेला गडी निसटे. शेवटी सरांनी तिला राखीव गड्यांत टाकले. मेहुणे म्हणू लागले, नुसते बसायचेच असेल तर अभ्यासाला बसावे. पुढले वर्ष दहावीचे. तिच्या आजीचे मत निराळे. "पोर खेयस, ते खेयू द्या," एवढे अहिराणीत बोलून ती माउली पुन्हा वाती वळू लागे.

१९ जानेवारी २०२५ च्या रविवारी ही मंडळी जळगावला आमच्याकडे आली होती. थंडी खानदेशी, बेत वांग्याच्या भरिताचा आणि कळण्याच्या भाकरीचा, आणि दिल्लीला खोखोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. प्रतीक वाईकरच्या पुरुष-संघानेही नेपाळवरच ५४-३६ अशी मात केली. मेहुणेसुद्धा हातातला घास तसाच धरून ओरडले. भाचीला विचारले, "काय पाहिलेस?" तर म्हणाली, "मामा, कसल्या सूर मारतात हो त्या!" म्हणजे तिनेही टाळ्यांपुरतेच पाहिले होते.

रात्री तोच मुलींचा सामना मोबाइलवर पुन्हा लावला आणि तिला अट घातली. पळणारीकडे पाहायचे नाही, पाठलाग करणारीकडेही नाही. पाटीवर बसलेली एकच मुलगी धरायची. पाच मिनिटांत ती कंटाळली. कॅमेरा पळापळीच्या मागे, बसलेली मुलगी पडद्याच्या कडेला क्षणभर दिसे नि जाई. मग थांबवून, मागे नेऊन, सावकाश चालवून पाहू लागलो, तेव्हा एकेक खुबी कळू लागली.

बसलेली मुलगी बसलेली नव्हतीच! टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर, बोटे जमिनीला जेमतेम टेकलेली. मान पळणारीबरोबर फिरे; पाठीमागून कोण येते, ते तिने कानांवर सोपवलेले. पळणारीने खांद्याने कितीही हूल दिली, तरी हिची नजर तिच्या कमरेवर. आणि खो मिळताच पाऊल कोणीकडे टाकायचे, हे बहुधा आधीच ठरलेले. खोखोत याला मोल फार. पळणारी दोन बसलेल्यांमधून खुशाल आरपार जाते. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही. पहिले पाऊल चुकले, की दुसरीला खो देण्यावाचून गत्यंतर नाही.

भाची एकदम म्हणाली, "मी मागे वळून बघत बसते. ती जवळ दिसली की उठते."

हे खोखोपुरतेच नाही. नेटबॉलमध्ये चेंडू हाती आला की पळता येत नाही, तीन सेकंदांत तो द्यावाच लागतो; म्हणजे खेळ बराचसा चेंडू नसलेल्यांच्या पायांवर. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला अगदी अखेरच्या क्षणी ५२-५१ असे हरवले. तो गोल पुष्कळांना आठवतो. पण नेटबॉल शिकणाऱ्या मुलीने पाहावे ते गोल करणारीचे हात नव्हेत, त्याआधी तिने मोकळी जागा कशी गाठली ते.

मात्र नक्कल सरसकट करू नये. दिल्लीचा खेळ मॅटवरचा, मैदानात सात गडी, आणि त्यात कोणत्याही दिशेला पळायची मुभा असलेला वजीर. शाळेच्या खेळात नऊ गडी, पायांखाली काळी माती, आणि वजीर नाही. तिथे वजिरासारखे वळले तर शिट्टी आणि मॅटवरचे सूर मारले तर सोललेले गुडघे, एवढेच पदरी पडायचे.

धुळ्याला परतल्यावर गच्चीवर तालीम सुरू झाली. धाकटा भाऊ पाठीमागे उभा राही. कधी नुसताच "खो" ओरडे, कधी नुसताच हात लावी. शब्द आणि स्पर्श एकदम मिळाले, तरच हिने उठायचे. रोज पन्नास वेळा. या कामाचा मोबदला म्हणून त्याने आठवड्याला एक कुल्फी ठरवून घेतली, आणि उन्हाळ्यात ती दोनवर नेली!

सप्टेंबरात शालेय सामने लागले. मी एरंडोल-पारोळ्याच्या वाटेने एस.टी.ने धुळे गाठले. दुसऱ्या डावात सरांनी तिला उतरवले. तिला चार खो मिळाले, त्यांत एक गडी बाद झाला. फाउल एकही नाही. संघ मात्र दोन गुणांनी हरला.

सामना चालू असताना शेजारचे एक गृहस्थ मेहुण्यांना म्हणाले, "अहो, गडी तिकडे पळतोय, तुम्ही इकडे काय बघताय?" झाले! मेहुण्यांनी त्यांना टाचा, चवडे, कंबर आणि मधली पाटी असे सारे सविस्तर समजावून द्यायला घेतले. त्या गृहस्थांचा उरलेला सामना त्यातच गेला.