दाद कुणाकडे मागायची?

बंदूक भुकेतून उगवते, असं मी आयुष्यभर सांगत आलो. वर्गात सांगितलं, व्याख्यानांत सांगितलं, दिवाळी अंकांत लिहिलं. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ही आमच्या गोंदिया जिल्ह्याची जंगलपट्टी. धानाचं एक पीक, तेही पावसाच्या भरवशावर. धान निघालं की कुटुंबंच्या कुटुंबं कामासाठी नागपूर-हैदराबादकडे जायची. अशा भागात नक्षलवाद्यांचं सशस्त्र पथक, म्हणजे दलम, फिरणार नाही तर कुठे, असं मला वाटायचं. रस्ता द्या, शाळा द्या, हाताला काम द्या, बंदूक आपोआप खाली पडेल, या म्हणण्यावर माझी श्रद्धा होती. आज ती राहिलेली नाही.

28 नोव्हेंबर 2025 रोजी माओवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत याने साथीदारांसह गोंदियात शस्त्रं खाली ठेवली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती आणि त्याचे साठ साथीदार शरण आले होते. आमच्याकडे लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, मीही सोडला. त्याच नोव्हेंबरात सीमेवरच्या जंगलात मध्य प्रदेश पोलिसांच्या नक्षलविरोधी हॉक फोर्सचा एक निरीक्षक चकमकीत मारला गेला होता, त्यामुळे या शांततेची किंमत काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग जो भेटेल तो म्हणू लागला, “संपला एकदाचा प्रश्न.” ते ऐकताना मला जाणवलं की प्रश्न कोणता होता, याचं माझंच जुनं उत्तर आता माझ्या गळी उतरत नाही.

ते उत्तर पहिल्यांदा हललं सालेकसा तालुक्यातल्या एका वयस्क गोंड शेतकऱ्यामुळे. गरिबी आणि नक्षलवाद यावरचं माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोट तं साऱ्यायचंच खाली होतं गुरुजी. मंग आमच्या गावचे पोरं काऊन नाही गेले?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं गाव शेजारच्या गावांपेक्षा श्रीमंत नव्हतं. तोच मुरूम, तोच मोह, तोच तेंदू. तरी एका गावातून पोरं दलममध्ये गेली, दुसऱ्यातून एकही गेलं नाही. भूक हेच मूळ असतं, तर या जिल्ह्यातल्या हजारो भुकेल्या घरांनी बंदूक का धरली नाही? त्यांचा तो नकार मी माझ्या सिद्धांतात कधी मोजलाच नव्हता.

त्यानंतर मी बोलणं कमी केलं आणि विचारू लागलो. भुकेच्या आधी लोक अपमानाचं सांगत. वनखात्याचा नाकेदार घरी येई, परसात पडलेल्या सागाच्या तुकड्यावर बोट ठेवी, केस करण्याचा धाक घाली आणि जाताना कोंबडी घेऊन जाई. कोंबडी गेल्याचं दुःख होतंच, पण घरातल्या कर्त्या माणसाला बायकापोरांसमोर हात जोडून उभं राहावं लागे, ते मुलं विसरली नाहीत.

या अपमानाची मुळं दलमपेक्षा फार जुनी आहेत. हा मुलूख मालगुजार-जमीनदारांचा. तेव्हाही जुलूम होता, पण सरपण, घरासाठी बल्ल्या, बांबू, गुरांची चराई हा गावाचा निस्तार होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी गेली, ते हवंच होतं. पण जंगलं वनखात्याकडे गेली आणि जो हक्क होता त्याची सवलत झाली. सवलत देणारा ती काढूनही घेतो. ज्या जंगलात देव आहेत, जिथे कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला दूरदूरचे गोंड जमतात, त्याच जंगलात माणूस चोर ठरला. तक्रार करायची ती ज्याने केस केली त्याच्याच साहेबाकडे.

दाद मागण्याची ही रिकामी जागा दलमने भरली. 1980 नंतर आधी गडचिरोलीत आणि मग इकडे आलेल्या या लोकांनी सुरुवातीला भाषण कमी केलं, तेंदूच्या ठेकेदाराला पुड्याचा भाव वाढवायला लावला. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा. भर उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तो बांधणाऱ्या बाईला पहिल्यांदा वाटलं की आपलं कुणीतरी ऐकलं. बंदुकीला गावात जागा मिळाली ती अशी.

पण ऐकून घेणाऱ्या त्या बंदुकीवर अपील नव्हतं. कुणी ‘खबऱ्या’ म्हटलं की रात्री उठवून नेलं जाई आणि सकाळी रस्त्यावर प्रेत सापडे. त्यात गरीब आदिवासी होते, पोलीस पाटील होते. डिसेंबर 1999 मध्ये शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मध्य प्रदेशचे मंत्री लिखीराम कावरे यांना त्यांच्याच गावच्या घरी मारलं. तेव्हा मी हळहळलो आणि लगेच “पण यामागची कारणं पाहा” असं म्हणालो. आता तो ‘पण’ मी मागे घेतो. गरिबीचं कारण पुढे करून मी मारणाऱ्याची जबाबदारी हलकी करत होतो आणि गरिबीतही माणुसकी सोडली नाही अशा माणसांचा अपमान करत होतो.

म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलो, असं मात्र नाही. हा फक्त पोलिसांचा विषय होता आणि पोलिसांनी तो मिटवला, हेही मला मान्य नाही. पोलिसांच्या दबावाशिवाय शस्त्रं खाली आली नसती, हे खरं. पण शस्त्रं ज्या जागेत शिरली ती जागा पोलीस भरू शकत नाहीत.

ती कशी भरते, हे मी तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, पाहिलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाकडे आली. 2009 मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आमच्या जिल्ह्याची अडचण अशी की गडचिरोलीचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, गोंदिया येत नाही. म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा देवरी-सालेकशाच्या गोंड गावांना लागूच नाही, त्यांच्या हाती वनहक्क कायदा तेवढा आहे. तरीही इथल्या काही ग्रामसभांनी ठेकेदारीची जुनी वाट सोडून तेंदू स्वतः विकायला घेतला.

अशा एका ग्रामसभेत मी मागे बसून होतो. भांडण जोरात चाललं होतं. एका बाईचे पुडे कमी मोजले गेले होते आणि ती वही उघडायला लावत होती. ज्याच्याकडे वही होती तो तिच्याच गावचा होता, चिडला होता, पण वही त्याला उघडावी लागली. चूक निघाली, आकडा दुरुस्त झाला. पैसे किती मिळाले हे महत्त्वाचं आहेच, पण मला तिचा चढलेला आवाज महत्त्वाचा वाटला. तिला कुणाला भ्यावं लागलं नाही, दलमच्या कुणा दादाला निरोप धाडावा लागला नाही. ग्रामसभेतही गट असतात, दारू असते, हिशेबात घोळ होतात, हे मी पाहिलंय. पण तो घोळ उजेडात विचारता येतो.

माझे एक मित्र म्हणतात की मोबाईल टॉवर आणि डांबरी रस्त्याने जे केलं ते ग्रामसभेने केलेलं नाही. मी त्यांना पूर्ण खोडत नाही, रस्त्यामुळे बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचते. पण त्याच रस्त्याने नाकेदारही लवकर पोचतो. तो आल्यावर गावकऱ्याला काय बोलता येतं, यावर मला आता सगळं ठरताना दिसतं.

शरण आलेल्यांना घर, पैसे, प्रशिक्षण मिळावं, यावर सगळे बोलतात. ते मिळायलाच हवं. मला त्यासोबत एक कोरडी वाटणारी गोष्ट मागायची आहे. वनहक्काचा दावा नाकारला, तर तो का नाकारला हे दावेदाराला सविस्तर आणि लेखी कळवायचं, असं 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. त्यावर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दादही मागता येते. देवरी आणि सालेकसा तालुक्यांत फेटाळलेला प्रत्येक दावा पुन्हा काढावा, कारण लिहिलेलं नसेल तर लिहावं आणि तो कागद गावात जाऊन, ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचून, ज्याचा आहे त्याच्या हाती द्यावा.