बॉडी अर्थ
मोटारीत टेप बसवताना डॅशबोर्डच्या पोकळीतून जो रंगीत तारांचा झुबका बाहेर येतो, त्यातील पिवळी तार बहुधा बॅटरीचा अखंड पुरवठा आणून घड्याळ आणि साठवलेली स्टेशने जपते, लाल तारेत चावी फिरवल्यावरच वीज येते, आणि काळी तार, जिला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात, सारा प्रवाह माघारी नेते. हा शब्द इंग्रजीतून आला असून त्याचा रोख पृथ्वीकडे आहे. प्रत्यक्षात मात्र रबरी टायरांवर उभ्या असलेल्या मोटारीचा जमिनीशी विजेचा संबंध जवळजवळ नसतोच, आणि बॅटरीचे ऋण टोक ज्याला जाड तारेने जोडलेले असते तो गाडीचा पत्राच, म्हणजे बॉडी, तिची पृथ्वी ठरतो. घरातील अर्थिंगची तार एरवी रिकामी असते आणि बिघाड झाला तरच कामाला येते. मोटारीतील अर्थ क्षणभरही रिकामा नसतो.

विजेला पाण्याची उपमा देण्याची रीत जुनी आहे, पण कराडला लागून असलेल्या, चोवीस तास मीटरने पाणी देणाऱ्या मलकापुरात ती लवकरच अपुरी पडते, कारण तोटीतून बादलीत पडलेल्या कोयनेच्या पाण्यावर नदीकडे परतण्याचे बंधन नसते, आणि कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरवलेले पाणी तर वीज देऊन वाशिष्ठीच्या वाटेने थेट अरबी समुद्र गाठते. वीज मात्र परतीची वाट बांधून मिळाल्याखेरीज निघतच नाही.

ही वाट शोधताना केवळ रंगावर विसंबता येत नाही, कारण रंगांचे संकेत कंपनीगणिक बदलतात. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकाला व दुसरी संशयित तारेला लावली असता सुमारे 12 व्होल्ट दिसले तर ती तार अर्थ असू शकते. ‘असू शकते’ म्हणावे लागते, कारण चावी बंद असताना लाल तारही इतर उपकरणांतून बॉडीशी जोडलेली असल्याने तसाच आकडा दाखवू शकते, आणि चावी फिरवली की तिचे सोंग उतरते.

अर्थ सापडला तरी रंगाच्या थरावर आवळलेला स्क्रू निरुपयोगी असतो, म्हणून तेथील पत्रा उघडा होईपर्यंत पॉलिश पेपरने घासावा लागतो. सांधा कच्चा राहिल्यास इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी शिट्टी गाण्यात मिसळू शकते. सर्वांत फसवी अवस्था मात्र याहून निराळी आहे: काळी तार मुळीच न जोडताही टेप कधीकधी वाजतो, कारण प्रवाह एरियलच्या तारेवरील जाळीतून चोरवाटेने बॉडी गाठतो, आणि एरियलची पिन उपसताच सुरू असलेले गाणे जागीच थांबते.