घटक चाचणी, पण माझी

बी.एड.ला घटक चाचणी कशी काढायची हे आमच्याकडून घोटून घेतलं होतं. आधी उद्दिष्टं, मग संविधान तक्ता, मग प्रश्न. वीस वर्षं मी मुलांच्या घटक चाचण्या घेत आले. आपण लिहिलेल्या कोडचीही घटक चाचणी घ्यायची असते, हे मात्र यंदा कळलं.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. सुट्टीत भाच्याकडून थोडी जावास्क्रिप्ट शिकून शब्दांच्या सरावाचं एक पान तयार केलं. वर मराठी शब्द दिसतो, खाली उर्दू शब्द टाइप करायचा, 'तपासा' दाबलं की बरोबर किंवा चूक. माझ्या लॅपटॉपवर छान चाललं. शाळा उघडल्यावर मुलांना लिंक दिली.

दोन दिवसांनी सातवीतली एक हुशार मुलगी खाली मान घालून म्हणाली, "टीचर, मला 'जमीन'सुद्धा लिहिता येत नाही." तिने तीनदा लिहिलं, तीनदा चूक आली. मी तिच्या घरचा फोन पाहिला. ज़े, मीम, ये, नून. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

भाच्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "खाला, टेस्ट लिहिल्या होत्या का?"

रविवारी तो घरी आला. त्याने आधी उत्तर तपासणारं फंक्शन बटणापासून वेगळं करायला लावलं, म्हणजे पान न उघडता त्याची परीक्षा घेता येते. मग जेस्ट बसवलं. प्रत्येक टेस्ट म्हणजे एक प्रश्न: हे दिलं तर काय मिळायला हवं? बरोबर शब्द, शेवटी जागा सुटलेला शब्द, रिकामं उत्तर. शेवटी त्या मुलीने पाठवलेलं उत्तर जसंच्या तसं चिकटवलं. एनपीएम टेस्ट चालवलं. तीन हिरवे, एक लाल. अपेक्षित 'ज़मीन', मिळालं 'ज़मीन'. डोळ्यांना दोन्ही सारखेच!

वडील आखातात असल्याने तो फोन तिकडून आलेला, कीबोर्ड अरबी. युनिकोडमध्ये उर्दूची 'ये' आणि अरबीची 'या' ही वेगळी अक्षरं आहेत. शब्दाच्या मध्ये आली की दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणक आकार पाहत नाही, क्रमांक पाहतो. जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ वापरून पाहिलं, तरी लालच. ते या दोघींना एक मानत नाही. शेवटी अरबी 'या'च्या जागी उर्दू 'ये' घालणारी एक ओळ लिहिली. 'काफ'चंही तेच दुखणं, म्हणून त्याचीही टेस्ट आधी लिहिली, ती लाल झालेली पाहिली, मग दुरुस्ती केली. जी चाचणी कधीच नापास करत नाही, ती काही तपासते की नाही हे कसं कळणार?

टेस्टनी सगळं सुटत नाही. फोनवर बटण बोटाखाली नीट येतं का, हे फोन हातात घेऊनच पाहावं लागतं. पण आता कोडमध्ये काहीही बदललं तरी जुने प्रश्न काही सेकंदांत पुन्हा विचारून होतात.

सोमवारी वर्गात सर्वांसमोर सांगितलं, "तिचं उत्तर बरोबर होतं. तपासणारी चुकली होती, म्हणजे मी." आजवर तपासलेल्या गठ्ठ्यांत असे किती 'जमीन' मी लाल शाईने खोडले असतील, हा विचार मनातून जात नाही.

मुलगी हसली आणि म्हणाली, "मग टीचर, माझे तीन मार्क?"