अंगणातील बाळंतीण

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण लहानपणापासून म्हणत आलो. परंतु कुंपणावरून उतरून तो जमिनीवर येतो तो कशासाठी, याचा विचार आमच्या घरी तरी कोणी केला नव्हता. पंचांगात पल्लीपतनाबरोबर सरटारोहणाचीही फळे दिलेली असतात. जुन्या हुबळीतील आमच्या तीन पिढ्यांच्या घराचा सरड्याशी संबंध होता तो एवढ्या शास्त्रापुरताच.

यंदा दसरा उलटल्यावर परसातील जास्वंदीवर आम्हांस एक शॅमेलिऑन दिसली. कन्नडात हिला गोसुंबे म्हणतात. भारतात शॅमेलिऑनची ही एवढी एकच जात आहे. हिचे दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना फिरतात. बोटे चिमट्यासारखी दोन भागांत वाटलेली, आणि शेपूट फांदीला वेढे घालून घट्ट बसलेले. रंग बदलते म्हणून आपण हिची उपमा पुढाऱ्यांना देतो, त्यात हिच्यावर थोडा अन्यायच होतो. भोवतालात लपण्यापेक्षा ऊन, थंडी, भीती आणि राग यांनुसार तिचा रंग अधिक पालटतो. या कुळातील एका जातीच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यामधील अंतर कमीजास्त झाले की रंग बदलतो, हे जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले.

आमच्या पाहुणीचे पोट दोन्ही बाजूंनी तट्ट फुगले होते. शेजारच्या अव्वा पाहावयास आल्या आणि एकच शब्द बोलल्या, "बसुरी!" तोवर मुलांनी दगड गोळा केले होते; हिच्या नुसत्या फुंकरीने माणूस मरतो, असे त्यांनी कुठेसे ऐकले होते. वस्तुतः हिला विष मुळीच नाही. अव्वांनी मुलांना कन्नडात असे काही झापले, की दगड जागच्या जागी राहिले.

नातवाने लगेच पिंजऱ्याची मागणी केली. त्याला सांगावे लागले की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हिला पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. पाळावयाची नाही, परंतु सांभाळावयाची, असे मग घरात ठरले.

कसे सांभाळावे हे मात्र अमेरिकेतील भाच्याने फोनवर सांगितले. त्याच्याकडे येमेन देशातील जातीची एक मादी आहे. त्या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, हे ऐकून आमच्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला! भाच्याने मुख्य गोष्ट सांगितली ती मातीची. मनाजोगी ओलसर, भुसभुशीत जागा मिळाली नाही तर मादी अंडी पोटात धरून ठेवते, ती अडतात आणि तीत तिचा जीव जातो. दुसरे म्हणजे, खणताना कोणी पाहत आहे असे वाटले तर ती काम अर्धवट टाकून निघून जाते. साचलेले पाणी ती सहसा पीत नाही. पानांवरचे थेंब चाटते.

आता आमची माती म्हणजे हुबळीची काळी माती. कापसाला उत्तम, परंतु पावसात लोण्यासारखी चिकट आणि वाळली की भेगाळून दगड. परतीच्या पावसाने ती चिखल झाली होती. दुसऱ्या दिवशी बाई झाडावरून उतरल्या, डुलत डुलत तुळशीपाशी गेल्या आणि पुढच्या पायांनी उकरू लागल्या. पायांना गोळे चिकटले. दोन ठिकाणी वीतभरही न जाता त्यांनी नाद सोडला. आम्ही सकाळ-संध्याकाळ जास्वंदीवर पाणी शिंपडत होतो, जवळ नाकतोडे सोडत होतो. तिने खाण्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पोट तसेच, रंग काळवंडलेला.

तिसऱ्या दिवशी तिला वाळूचा ढीग सापडला. ही वाळू परसात फरशी घालण्यासाठी आणलेली होती. आषाढात सासूबाई याच चिखलात घसरल्या होत्या आणि महिनाभर त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. दिवाळीपूर्वी फरशी व्हावी म्हणून गवंड्याला आगाऊ पैसेही दिले होते. तेव्हा हे काम हौसेचे नव्हते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

ढीग वरून वाळलेला, आत ओलसर होता. ती खणू लागताच आम्ही दोन जुनी लुगडी दोरीवर आडवी टाकून आडोसा केला, मांजर कोंडून ठेवले आणि परसातील दिवा मालवला. रात्री एकदाच फटीतून पाहिले, तेव्हा नुसते डोके बाहेर दिसत होते. उजाडल्यावर पाहतो तो भोक बुजवून वरची वाळू पायांनी चोपून सारखी केलेली, आणि बाळंतीण कढीलिंबाच्या खालच्या फांदीवर, दोन्ही कुशी खपाटीला गेलेल्या. शिंपडलेले पाणी ती बराच वेळ चाटत राहिली. दुपारी तिने पाठोपाठ तीन नाकतोडे जिभेने ओढून घेतले. सासूबाई म्हणाल्या, "आता हिला डिंकाचे लाडू तेवढे द्यायचे राहिले." चार दिवसांनी ती दिसेनाशी झाली. या जातीत आई पिलांकडे परत येत नाही.

अंडी किती, हे आम्ही उकरून पाहिले नाही. ती वीस-पंचवीसही असू शकतात, आणि एकदा बसलेले अंडे फिरवले तर आतला जीव दगावण्याची भीती असते. वाळू अगदी कोरडी पडू द्यावयाची नाही आणि भिजवून चिंबही करावयाची नाही, एवढेच आमच्या हाती. उबण्यास कित्येक महिने लागतात.

फरशीचे काय, हा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. स्वयंपाकघराच्या दारापासून तुळशीपर्यंत शहाबादी फरश्यांची एक ओळ मातीवरच टाकून घेतली. त्यांवरून त्या काठी टेकीत जातात. ओळ थोडी डुगडुगते, म्हणून सोबत कोणीतरी असावे लागते, आणि हे काम नातवाकडे आहे. गवंडी परवा येऊन गेला. ढिगाची दुसरी बाजू तरी दुसऱ्या कामावर नेऊ का, असे त्याने विचारले. सासूबाईंनी ओट्यावरूनच त्याला नको म्हणून सांगितले.