खडकवासल्याचें पाणी आणि जपानचा चहा

पुण्याहून सिंहगडच्या वाटेनें पांच-साडेपांच कोस गेलें, म्हणजे दुकानांची आणि वाहनांची दाटी थोडी विरळ होते आणि उजव्या हाताला काळ्या दगडाची एक लांबलचक भिंत दिसूं लागते. भिंत मागें टाकून पुढें गेल्यावर तिच्याआड दडलेला जलाशय एकाएकीं डोळ्यांत भरतो. पलीकडच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची राखलेली झाडी, अलीकडे सिंहगडाचा उभा डोंगर, आणि मध्यें वाऱ्यानें चुरगळलेलें पाणी. श्रावणांत हें पाणी मातकट असतें; मार्गशीर्षांत तेंच निवळून असें स्वच्छ दिसतें कीं, कांठच्या उथळांतले गोटे मोजीत बसावें.

रविवारीं या कांठावर जत्राच भरते. भाजलेलीं कणसें, कांदाभजीं, उकडलेल्या शेंगा आणि आलें घालून रटरट उकळलेला चहा. या चहाची निंदा करण्याचा आमचा मुळींच इरादा नाहीं. पावसाच्या सरींत भिजून आलेल्या माणसाला त्याच्यासारखा सोबती दुसरा कोण? पण गेलीं तीन-चार वर्षें आम्ही घरचीं मंडळी खडकवासल्यास जातों, तेव्हां पिशवींत कांचेच्या दोन बाटल्या बरोबर असतात. त्यांत थंड पाण्यांतच काढलेला जपानी हिरवा चहा असतो. त्याला दूध नाहीं, साखर नाहीं आणि विस्तवाचीही गरज नाहीं.

हा चहा आमच्या घरांत आला तो धाकट्या सूनबाईंच्या हातून. जपानी भाषेच्या अभ्यासासाठीं त्या दोन वर्षें त्या देशांत होत्या. परतल्या तेव्हां पेटींत 'सेन्चा' जातीच्या चहाचे दोन पुडे होते. चैत्रांतल्या एका दुपारीं त्यांनीं कांचेच्या सुरईंतून फिकट पोपटी रंगाचें हें पेय सर्वांस दिलें. पुरुषमंडळींनीं 'वाः!' म्हणून अर्धे पेले खालीं ठेवले, म्हणजे काय तें वाचकांस सांगावयास नको. मुलांनीं 'गवत' असा निकाल दिला. नव्वदीच्या घरांतल्या आमच्या आत्याबाईंनीं मात्र पेला संपविला, जिभेवर चव थोडा वेळ घोळविली आणि विचारलें, "सूनबाई, चहाचं राहूं दे, हें पाणी कुठलं?"

"नळाचंच, आत्याबाई."

"मग नळाचं पाणी एवढं गोड आहे, हें मला आज कळलं!"

आत्याबाईंचा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं. आपल्या नेहमींच्या चहांत दूध, साखर, आलें, वेलदोडा यांचा थाट असतो. पाणी बिचारें पखाल वाहणाऱ्या रेड्यासारखें, तें कुठलें आणि कसें, हें कोणी विचारीत नाहीं. थंड काढलेल्या चहांत शंभर भाग पाण्यास पान जेमतेम एक भाग, आणि पाण्याचे गुणदोष झांकावयास दुसरें कांहींच नाहीं. म्हणून या चहाविषयीं लिहावयाचें तर आधीं पाण्याविषयीं लिहिलें पाहिजे. आणि पुणेकरास पाण्याविषयीं लिहावयाचें तर खडकवासल्यासच यावें लागतें.

पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी दगडी नळानें शहरांत येई आणि हौदांत पडे. पुढें इंग्रजी अमदानींत शहर आणि छावणी वाढली, शेतीसही पाणी हवें झालें, आणि १८६९ सालीं खडकवासल्यास मुठेवर धरण बांधावयास आरंभ झाला. सुमारें दहा वर्षांनीं तें पुरें झालें. फाइफ नांवाच्या इंजिनियरवरून या जलाशयास 'लेक फाइफ' म्हणत. तें नांव आतां जुन्या नकाशांतच उरलें आहे. धरणास आरंभ होण्याच्या आदल्या वर्षीं, १८६८ सालीं, जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला होता. पाणी कोणी भरावें आणि कोणाच्या हातचें प्यावें, हा त्या काळीं पुण्यांत केवढा दाहक प्रश्न होता, हें एवढ्यावरून ध्यानांत येईल.

चहाही त्या प्रश्नांतून सुटला नाहीं. १८९० च्या आक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें जमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं हजर मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांसही ग्रामण्याचा ताप भोगावा लागला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, प्रायश्चित्तें झालीं. आत्याबाई ही हकीकत आपल्या आजीकडून ऐकलेली सांगतात. आजींचें म्हणणें असे कीं, त्यांत दोष पानाचा नव्हता, परक्या हातच्या पाण्याचा होता. आज खडकवासल्याचें पाणी पर्वतीच्या पायथ्याशीं शुद्ध होऊन पेठापेठांतून जातें, आणि तें कोणाच्या हातचें हें कोणी विचारीत नाहीं. त्या वेळीं पुण्यांत ज्यावरून एवढा गहजब उडाला, तें पेय आज आत्याबाई सोंवळ्याच्या पाटावर बसून पितात!

धरणाची हकीकत सांगावयास घेतली तर ती एका लेखांत मावणारी नाहीं. जलाशयाची पातळी चढली कीं आपोआप उघडणारीं आणि उतरली कीं मिटणारीं दारें विश्वेश्वरय्या यांनीं १९०३ सालीं येथेंच प्रथम बसविलीं. १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या अंगाचें पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याची भिंतही टिकली नाहीं, आणि नदीकांठच्या पेठा बुडाल्या. त्या दिवसानंतर कित्येक आठवडे घोटभर पाण्यासाठीं कसे हाल झाले, हें आमच्या घरचीं वडील मंडळी अजून सांगतात. भिंत पुन्हां उभी राहिली. पानशेत, वरसगांव, टेमघर आणि खडकवासला या चारी धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांत खडकवासल्याचा स्वतःचा वांटा दोन अब्जांहूनही किंचित् कमीच. म्हणजे वरचीं तीन धरणें हे रांजण, आणि खडकवासला ही ज्यांतून आपण पाणी पितों ती ओंजळ.

हें पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचें. आंबी, मोसे आणि मुठा या नद्यांनीं तें थोड्याच दिवसांत जलाशयांत येतें. दगडांत मुरून वर्षानुवर्षें राहत नाहीं. उलट आपल्याकडच्या काळ्या कातळांत खोल मुरलेलें विंधणविहिरीचें पाणी चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन येतें. त्यास साबणाचा फेंस येत नाहीं आणि डाळ लवकर शिजत नाहीं. चहाचेंही तेंच. आमच्या एका स्नेह्यांकडे विंधणविहिरीचें पाणी आहे. एकाच पुड्यांतलें पान त्यांच्याकडे आणि आमच्याकडे एकाच दिवशीं भिजविलें. त्यांच्याकडचा चहा गढूळ आणि चवीला बोथट झाला, आमच्याकडचा निवळ. जपानांतल्या नद्या आंखूड आणि वेगवान्, म्हणून तेथील पाणी बहुधा मृदु असतें. त्या लोकांनीं इतका नाजूक चहा घडविला त्यांत पाण्याचा वांटा मोठा असला पाहिजे.

जपानची आठवण होण्यास खडकवासल्याच्या वाटेवर आणखीही एक निमित्त आहे. याच सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नांवाचें जें उद्यान आहे, तें ओकायामा शहरांतल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलें आहे. मूळ कोराकुएन १७०० सालीं पुरें झालें. तेथें तळीं, हिरवळ आणि टेकड्या तर आहेतच, पण चहाचा एक लहानसा मळाही आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं त्यांतलीं कोवळीं पानें समारंभानें खुडतात. पुण्याच्या उद्यानांत चहाचीं झुडुपें नाहींत. आमच्या हवेंत तीं जगतील असेंही वाटत नाहीं.

जपानांत चहाचा प्रसार केला तो एइसाइ नांवाच्या बौद्ध भिक्षूनें. ११९१ सालीं चीनहून परततांना त्यानें चहाचें बीं आणलें असें मानतात. नांवही तिकडूनच आलें. आपला 'चहा' आणि त्यांचा 'चा' हीं एकाच घरचीं भावंडें. आज ज्याला सेन्चा म्हणतात त्याची कृति १७३८ सालीं उजीजवळच्या नागातानी सोएन यानें बसविली. खुडलेलीं पानें लागलींच वाफेवर धरावयाचीं, मग चोळीत चोळीत वाळवावयाचीं. वाफेमुळें पान आंबून काळें पडण्याची क्रिया थांबते. म्हणून तें हिरवें राहतें. आपल्या आसामच्या चहांत तीच क्रिया मुद्दाम पुरी होऊं देतात. दोहोंचें झाड मात्र एकाच कुळांतलें.

आतां थंड पाण्याचें रहस्य. चहाचा तुरटपणा आणि कडवटपणा ज्या द्रव्यांचा, तीं कढत पाण्यांत भरभर उतरतात, थंड पाण्यांत कमी. कॅफीनचेंही तसेंच. पण पानांत थिआनीन म्हणून एक द्रव्य आहे (क्योतोंत १९४९ सालीं तें वेगळें करून ओळखण्यांत आलें). तें थंड पाण्यांतही सुखानें विरघळतें. त्यामुळें थंड चहांत तुरटपणा मागें राहतो आणि एक भरीव, मुगाच्या कढणासारखी गोडी पुढें येते. साखरेची गोडी ती नव्हे. तूप-मीठ घातलेल्या साध्या वरणांत जी असते, ती. जपान्यांनीं तिला 'उमामी' असें नांव दिलें आहे.

कृतींत कौशल्य फारसें नाहीं, धीर मात्र पाहिजे. एक लिटर पाण्यास १० ते १५ ग्रॅम पान घ्यावें. तें तोललेलें बरें, कारण पानाच्या जातीप्रमाणें चमचा फसवितो. स्वच्छ कांचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यांत पान घालून वर थंड पाणी ओतावें, झांकावें आणि फ्रिजांत चार ते सहा तास ठेवावें. मध्यें एकदां भांडें हलकेंच फिरवावें, ढवळूं नये. मग गाळून त्याच दिवशीं संपवावें; शिळा चहा पिवळा पडतो आणि त्याची गोडी जाते. लोखंडाचें किंवा बिनकल्हईचें भांडें वापरूं नये. 'ग्योकुरो' म्हणून सावलींत वाढविलेला एक महागडा प्रकार आहे. त्याच्या पानांवर नुसते बर्फाचे खडे ठेवून तें वितळेल तसतसें थेंब थेंब जमवितात. घरांत कोणी दूरचें पाहुणें आलें तर आम्ही तो काढतों. एरवीं परवडत नाहीं. पुडा फोडल्यावर घट्ट डब्यांत ठेवावा, आणि तो डबा मिसळणाच्या डब्याशेजारीं तर मुळींच ठेवूं नये. चहाचें पान हिंगाचा वास जितक्या आवडीनें घेतें, तितक्या आवडीनें पुढें आपण तो चहा पीत नाहीं.

एक गोष्ट गृहिणींनीं विसरूं नये. कढत चहांत पाणी उकळलें जातें, म्हणून त्याचे बरेचसे दोष विस्तव पोटांत घालतो. येथें विस्तवच नाहीं. म्हणून पाणी आधीं उकळून किंवा नीट शुद्ध करून मगच घ्यावें. उकळलेलें पाणी बेचव लागतें, कारण त्यांतली हवा निघून जाते. निवल्यावर या भांड्यांतून त्या भांड्यांत दोन-चार वेळां उंचावरून ओतलें कीं चव परत येते. उन्हाळ्यांत तें रात्रभर माठांत ठेवलें तर फारच उत्तम.

जलाशयाच्या कांठीं बसून हा चहा पितांना मन नेहमींच सुखांत राहतें असें नाहीं. भोंवतालच्या गांवांची वस्ती वाढली, उपाहारगृहें वाढलीं, आणि सांडपाणी उतारानें ओढ्यांवाटे याच ओंजळींत येतें. रविवारच्या जत्रेनंतर कांठावर कागदी पेले आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वाऱ्यानें पाण्याकडे सरकत असतात. पर्वतीचें जलशुद्धिकेंद्र आपलें काम करतें. पण केंद्रावर सर्व भार टाकून कांठ उकिरडा करावा, हें कोणत्या शास्त्रांत बसतें? एकेकाळीं परक्या हातचा पेला घेतला म्हणून प्रायश्चित्त घेणारें हें शहर. आज त्याला आपल्याच हातानें विटाळलेल्या पाण्याची कांहींच शिसारी नसावी, याचें आत्याबाईंना फार नवल वाटतें. त्यांनीं घरांतल्या मुलांना सक्त ताकीद दिली आहे: खडकवासल्यास नेलेली प्रत्येक वस्तु, कणसाच्या सालींसकट, परत घरीं आली पाहिजे. गेल्या माघांत नातवंडांनीं दुसऱ्यांचाही कचरा उचलून एक पोतें भरून आणलें. त्या दिवशीं गाडींत बसावयास जागा उरली नाहीं.

एकदां काढलेल्या पानांचा चहा दुसऱ्यांदाही चांगला होतो. दुसऱ्या वेळीं पाणी थोडें कमी आणि वेळ थोडा जास्त. त्यानंतर तीं पानें टाकून द्यावयाचीं, असा आमचा समज होता. जपानांत कोवळ्या पानांवर खारट काळा रस घालून तीं खातात, असें सूनबाईंनीं सांगितलें, तेव्हां आत्याबाईंनीं पानें हातांत घेऊन पाहिलीं, एक चावून पाहिलें आणि दही मागविलें. मीठ, किंचित् साखर, ओलें खोबरें आणि वर जिरें-हिरव्या मिरचीची फोडणी. हिंग घालावयाचा नाहीं, असें त्यांनीं स्वतःच ठरविलें. आतां उन्हाळ्यांतल्या रविवारीं आमच्या पानांत डाव्या बाजूला ही कोशिंबीर असते, आणि पहिल्या दिवशीं 'गवत' म्हणणारीं मुलें ती दुसऱ्यांदा मागून घेतात.