मालदीवला जाताय? गावात राहा!

मालदीव म्हटलं की काय आठवतं? पाण्यावरचं लाकडी घर आणि वॉलपेपरछाप निळा समुद्र. हनिमून पॅकेजवाले तेच तर विकतात! त्या फोटोत इथली माणसं मात्र कुठेच नसतात. १९७२मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं आणि पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हा शिरस्ताच पडला. पाहुणे एका बेटावर, गाव दुसऱ्या. गावकऱ्याच्या वाट्याला रिसॉर्टातली नोकरी, तीही घरदार सोडून.

२००९च्या सुमारास नियम बदलले, वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसं आली. एरवी तुरुंगासाठी ओळखलं जाणारं माफुशी बघता बघता टुरिस्ट स्पॉट झालं. इथे तुमच्या खोलीचं भाडं बऱ्याचदा गावातल्याच घरात जातं. सकाळी मास हुनी खा: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची. सोबत रोशी, आपल्या पोळीची सख्खी बहीण! बिअर मात्र विसरा, आणि बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या बीचवर. गाव त्यांचं आहे, बॉस.

गोम आहे ती कचऱ्यात. माले परिसरातला कचरा १९९२पासून थिलाफुशीवर टाकत गेले. कचऱ्यानं लगून बुजवून जमीन तयार झाली. म्हणून बिलातल्या ग्रीन टॅक्सवर कुरकुर नको. २०२५पासून तो छोट्या गेस्टहाउसात माणशी रात्रीला ६ डॉलर आहे, रिसॉर्टात १२. आणि हो, शाम्पूच्या रिकाम्या बाटल्या बॅगेत भरून घरी आणा.